हरभऱ्याची आंब

वच्छलानं फडताळ उघडलं. आंबेची बाटली जाग्यावर नव्हती.

मागं तिची लेक गोदा पोट धरून कण्हत होती. चार वर्षांच्या त्या पोरीच्या पोटदुखीवर दुसरं काही चालतच नसे. बार्शीटाकळीला, माहेरी, थंडी पडली की आई हरभऱ्याच्या वावरावर रात्रीचं धोतर पसरून ठेवायची अन् पहाटे दवासकट पिळायची. तांब्यात पडणारं ते आंबट पाणी, ती आंब. आईची बोटं गारठून निळी व्हायची, तरी ती पहिला थेंब वच्छलाच्या जिभेवर टेकवायची. पण तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेला वऱ्हाडच्या कापसावाचून करमेना, अन् भावानं वावरभर पऱ्हाटी लावली. हरभऱ्याची एक ओळ ठेवली नाही. होती ती बाटली शेवटची.

ती कोणी नेली, हे विचारायची गरज नव्हती. नवरा, सूर्यभान, अमरावतीच्या शाळेत मास्तर होता अन् पोरांना प्रयोग दाखवायला घरातलं काहीबाही उचलून नेई.

गोदाला कडेवर घेऊन ती तरातरा शाळेच्या दारात गेली. आत गलका चालला होता. हळदीनं रंगवलेल्या फडक्यावर मास्तरांनी राखेचं पाणी शिंपडलं होतं अन् पिवळ्यावर लालभडक डाग उठले होते.

"हा झाला क्षार. आता आम्लाची गंमत पाहा," म्हणत त्यांनी बाटलीचं बूच काढलं.

"थांबा!"

सगळी डोकी वळली.

"अवो, पोरगी तळमळून राहिली अन् तुमी तिचं औषध फडक्यावर ओतता? गावात लिंबू नाई काय?"

मास्तर ओशाळले. "लिंबू तं घरोघरी हाय. आंब या पोराईले पुन्हा कोण दाखवन? काहून रे, कोणाच्या वावरात हाय का औंदा हरभरा?"

एकही हात वर झाला नाही.

वच्छलानं बाटली ओढून घेतली, तळहातावर चार थेंब घेऊन गोदाला चाटवले. गोदानं असं तोंड वाकडं केलं की पोरं खो-खो हसली. शेजारून लिंबू आलं. मास्तरांनी पिळलं, लाल डाग पुन्हा पिवळे झाले.

"झालं की, मास्तर!" मागून एक जण बोलला. "पण वास नाई आला. माही आजी आंब पिळे तवा..." त्यानं नाक वर करून हवा हुंगली.

वच्छला पायरी उतरली होती. थांबली. बाटलीकडे पाहिलं, गोदाकडे पाहिलं अन् मागं फिरली.

"नुसता वास घ्या. बाटलीले हात लावान तं पाहा!"

बाटली घट्ट धरून ती रांगेनं फिरली. एकेक नाक वाकत होतं. कोणी डोळे मिटले, कोणी हळूच "माय वं" म्हणालं. शेवटी मास्तरही वाकले.

"तुमी घरी घ्या," ती म्हणाली अन् बूच लावलं.