मंगळवारची घंटा

खण्ण!

भर दुपारी वस्ती चिडीचूप झाली होती, आणि मी स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. चुकून नाही, मुद्दाम. सॅम माझ्याकडे पाठ करून भुईमुगाच्या शेंगांची रांग लावत बसला होता, ओट्यापासून थेट दारापर्यंत. ताट गरगर फिरलं, वाजत वाजत थांबलं. सॅमने पुढची शेंग उचलली आणि रांगेत ठेवली.

भिंतीपलीकडून छबूबाई ओरडल्या, "काय पडलं गं, कृपे?"

त्यांच्या दारातलं कुत्रं भुंकलं. रस्त्यापलीकडे कुणाचं तरी तान्हं बाळ रडायला लागलं. अख्ख्या आळीने माझं ताट ऐकलं. ज्याच्यासाठी टाकलं होतं, त्याने तेवढी मान वळवली नाही.

"काही नाही, ताट निसटलं," मी म्हटलं.

"कालबी निसटलं हुतं. हाताला तेल लावून फिरती का काय तू?"

सॅम साडेतीन वर्षांचा झाला होता आणि बोलत नव्हता. दोन वर्षांचा असताना चार-पाच शब्द होते त्याच्याकडे. दिवाळीनंतर तेही थांबले, नळाचं पाणी जावं तसे. हवं ते बोटाने दाखवायचा, नाहीतर आपल्या रांगा लावत बसायचा. शेंगा, बटाटे, चपला, काहीही. एकदा रांग सुरू केली की ती पूर्ण होईपर्यंत उठायचा नाही, जेवायलासुद्धा नाही. राहुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी कान तपासून घ्या. नगरच्या दवाखान्यात तारीख मिळाली एकोणीस जून. मध्ये सतरा दिवस होते. बिस्किटाचा पुडा वाजला की तो बघतो, असं मला वाटायचं. पण पुडा ऐकून बघतो की पुडा दिसला म्हणून बघतो, हे काही कळेना. म्हणून मी रोज एक भांडं टाकायची.

"एकोणीस तारखेपर्यंत वाट बघा," डॉक्टर म्हणाले होते. पण वाट बघणं आमच्या वस्तीला जमत नाही.

एक बाई म्हणाली, तान्हा असताना आरसा दाखवला असेल, आरशाने मूल मुकं होतं. दुसरीने विचारलं, तळपायाला गुदगुल्या करायचीस का? तर मी खरंच करायची. तो खदखदून हसायचा म्हणून करायची. ते ऐकल्यापासून मी त्याचे पाय नुसते धुवायची आणि पुसायची, आणि रात्री मला वाटायचं की आपणच आपल्या लेकराचा आवाज हसवून हसवून संपवला. बसस्टॉपवर एका अनोळखी माणसाने तर आपणहून येऊन सांगितलं, "ताई, याचा बाप कधी बोलला ते विचारा. आमचा पुतण्या सहाव्या वर्षी बोलला, आता मार्केट कमिटीत लिलाव पुकारतो."

माझ्या सासूबाई या सगळ्याला नाक मुरडायच्या. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर, उपासनेला पहिल्या बाकावर बसणारी बाई. "आपल्यात असलं मानत न्हाईत," त्या म्हणायच्या. आणि मग जरा वेळाने, भाजी निवडता निवडता, "पर मध चाटवला तर काय वाईट हाय? मध औषधीच असतो."

मधाच्या मागून पेरू आला.

पोपटाने चोच मारलेला पेरू खाल्ला की मूल पोपटासारखं बोलतं, हे छबूबाईंचं ठाम मत. सासूबाईंनी यावर प्रार्थनापूर्वक विचार केला आणि ठरवलं की पेरूचा धर्माशी काही संबंध नाही. गिदोन, म्हणजे माझे मिस्टर, रोपवाटिकेचा टेम्पो चालवतात. बागांमधून हिंडणं होतं, म्हणून काम त्यांच्यावर आलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक पेरू आणला. छबूबाईंनी चष्मा लावून तो उजेडात धरला.

"खारीचा तर न्हाई ना? खारीचा दिला तर पोरगं आयुष्यभर चिर्र चिर्र करंल."

"पोपटाचाच हाय, मावशी. मी बसलेला बघितला ना."

"व्हय, चोचच दिसती," छबूबाईंनी निकाल दिला.

सॅमने पेरू खाल्ला. बिया तेवढ्या काढून रांगेत लावल्या. रात्री गिदोन हळूच म्हणाले, "कृपा, जूनमध्ये झाडाला पेरू कुठला गं? बाजारातनं कुठले तरी कडक पेरू आणले आणि चहाच्या चमच्यानं कोरले. दोन कोरलेले बिघडले. चोचीचा आकार लई अवघड असतो."

मी हसले. मग रडले. मग पुन्हा हसले, कारण हा माणूस टेम्पोत बसून चमच्याने चोच कोरत होता, ते डोळ्यांसमोर आलं.

घंटेचं पाणी ही छबूबाईंची शेवटची मात्रा. मारुतीच्या देवळातल्या घंटेवरून पाणी ओतायचं, खाली भांड्यात धरायचं आणि मुलाला पाजायचं. घंटेचा आवाज पाण्यात उतरतो, पाण्यातून गळ्यात.

"मारुतीच्या देवळात मी जाऊ?" सासूबाई म्हणाल्या. "मंडळीला काय तोंड दाखवू?"

"मग बसा," छबूबाई म्हणाल्या.

दोन दिवस गेले. मंगळवारी सकाळी सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "घंटा आपल्यातबी हायच की."

आहे. आमच्या चर्चच्या मनोऱ्यात मोठी पितळी घंटा आहे आणि तिची किल्ली आमच्याच घरी खिळ्याला असते, कारण तीस वर्षं ती माझ्या सासऱ्यांनी वाजवली. आबांनी. सॅम उभा राहायला लागला तेव्हापासून ते त्याला बरोबर न्यायचे. दर रविवारी आबांचे दोन हात वर आणि सॅमचे दोन हात खाली, असा तो दोर ओढला जायचा. आबा गेले त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून रविवारी पाळकसाहेब मोबाईलवरचा घंटानाद भोंग्याला लावतात. दोर ओढून खरी घंटा आता वाजते ती फक्त कुणी वारलं तर. सावकाश, मोजून, एकेक ठोका. आबांच्या वेळी गिदोननीच वाजवली, ती शेवटची. सॅमला मी त्याआधीच माहेरी, राहात्याला पाठवलं होतं. चार दिवसांनी परत आणला तेव्हा तो घरभर फिरला, पलंगाखाली वाकून बघितलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "आबा गावाला गेलेत. येतील."

असं सगळेच सांगतात. मीही सांगितलं.

तर मंगळवारी दुपारी आम्ही चौघं चर्चच्या मागच्या दाराने आत गेलो, चोरासारखे. सॅमला अंगणातल्या कडुनिंबाखाली बसवलं. लिंबोळ्या पडल्या होत्या; त्याने लगेच रांग सुरू केली. गिदोन तांब्या घेऊन शिडीने वर चढले. मी खाली, दोराच्या भोकाखाली, पातेलं धरून उभी. सासूबाई दारात पहाऱ्यावर.

वरून पहिलं पाणी आलं ते काळं होतं. त्यात कबुतराचं पीस आणि आणखी काय काय होतं.

"हे पाजायचं?" मी म्हटलं.

"आधी धू म्हणावं त्याला! गिदोन, आधी धू! बापानं एवढी लखलखीत ठेवली हुती, बघ काय करून ठिवलंय."

"आई, हळू बोल. धुतो."

दुसऱ्या तांब्याला मनोऱ्यातली कबुतरं उठली, सगळी एकदम. गिदोन "आयो" म्हणून मागे सरकले, पाय निसटला आणि हाताला जे लागलं ते त्यांनी गच्च धरलं. तो दोर होता.

ठण्ण.

इतक्या महिन्यांच्या कोंडीतून सुटल्यासारखा तो आवाज कालव्यापर्यंत गेला. गिदोन दोराला लोंबकळत होते. पाय टेकायला गेले, तसा दोर पुन्हा ओढला गेला.

ठण्ण.

भराभर वाजली असती तर निदान आग लागली असं वाटून लोक बादल्या घेऊन आले असते. पण गिदोन घाबरून अगदी सावकाश उतरत होते. मध्ये थांबून, श्वास घेऊन, पुन्हा. पाच ठोके पडले. मयताच्या घंटेसारखे, मोजून.

मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. "आता गं?" त्या म्हणाल्या.

पाच मिनिटांत चर्चचं अंगण भरलं. बायका डोक्यावर पदर घेऊन आल्या. पाळकसाहेब हातात पवित्र शास्त्र आणि एका गालाला दाढीचा साबण, असे आले. सगळ्यात पुढे छबूबाई, डोळ्याला पदर लावून.

"कोण गेलं गं, कृपे? बन्सीबाबा ना? माझं सोनं गं ते!"

बन्सीबाबा आमच्या वस्तीतले सगळ्यात म्हातारे. दोन महिने अंथरुणाला होते, त्यामुळे कुणी विचारायलाही थांबलं नव्हतं. चार-पाच जण थेट त्यांच्या घरी गेले होते, आणि एकाने तर वाटेतूनच मयताच्या पेटीवाल्याला फोन लावला होता. आता तेच चार-पाच जण परत येत होते, आणि त्यांच्यामध्ये दोघांच्या खांद्यांवर हात टाकून खुद्द बन्सीबाबा.

"कोण वारलं रे?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडेच वळल्या.

"मीच म्हणतात. मला उठवून सांगितलं, बाबा, तुमची घंटा झाली. म्हटलं, मला ठाव बी न्हाई? चला, बघून तरी येऊ."

पाळकसाहेबांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंच्या हातात आता पातेलं होतं, माझ्याकडून कधी घेतलं कोण जाणे. त्यांचा चेहरा उतरला होता. पहिल्या बाकावरची बाई, तीस वर्षं घंटा वाजवणाऱ्याची बायको.

"घंटा धूत हुतो," त्या म्हणाल्या.

"मंगळवारी? भर दुपारी?"

"आवो, धूत कशाच्या?" छबूबाईंना राहवलं नाही. त्यांच्या डोळ्यांत अजून बन्सीबाबांसाठीचं पाणी होतं. "आपल्या सॅमला घंटेचं पाणी पाजायला! मीच सांगितलं हुतं की. पर मारुतीची सांगितली हुती. ही एवढी मोठी कुणी सांगितली?"

सासूबाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, पुढे होऊन ते पातेलं घ्यावं आणि म्हणावं, माझ्यासाठी केलं त्यांनी, माझ्या लेकरासाठी, मी रोज ताटं पाडते त्या ऐकतात ना.

पाळकसाहेबांनी गालावरचा साबण पुसला. "मी चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हतो," ते म्हणाले. "आईनं पोपटाचा पेरू चारला. त्याचं फळ तुम्ही दर रविवारी दीड-दीड तास भोगताय."

आधी बन्सीबाबा हसले, खोकत खोकत. मग सगळेच. पेटीवाल्याला फोन करणारा बाजूला जाऊन पुन्हा फोन लावायला लागला, "न्हाई, न्हाई, राहू द्या. मयतच चालत आलंय." सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. पातेलं कलंडलं. सगळं पाणी मातीत गेलं.

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण छबूबाई आता सगळ्यांना वेगळंच सांगतात. त्या पाण्याचा एक थेंबही सॅमच्या पोटात गेला नाही. पेरू तर चमच्याचा होता. एकोणीस तारखेला आम्ही नगरला गेलो, तर कान अगदी चांगले निघाले, आणि आता आठवड्यातून दोनदा तिथल्या ताई त्याला खेळता खेळता बोलायला शिकवतात. गुदगुल्यांना त्यांनी पूर्ण परवानगी दिली आहे.

पण हे नंतरचं. त्या दुपारी सगळे हसत होते आणि मी सॅमला शोधत होते. कडुनिंबाखाली तो नव्हता. लिंबोळ्यांची रांग मात्र होती. खोडापासून निघालेली, सरळ, आणि मध्येच थांबलेली. पुढे लावायच्या दोन लिंबोळ्या मातीत तशाच पडल्या होत्या.

रांग अर्धी सोडून तो कधी उठला नव्हता. मी त्या दोन लिंबोळ्यांकडे बघत राहिले. ऐकलं होतं त्याने. ऐकून उठला होता.

मी मनोऱ्याकडे पळाले. सॅम दोराखाली उभा होता. दोर अजून जरासा हलत होता. त्याने दोन्ही हातांनी टोक धरलं होतं, त्याच्या नेहमीच्या जागी, खाली. वर आणखी दोन हातांची जागा सोडून. मान मागे टाकून तो त्या अंधाऱ्या भोकाकडे बघत होता. मी गुडघ्यांवर बसले. बाहेर बन्सीबाबांना कुणीतरी खुर्ची देत होतं.

सॅम वळला. आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"आई," तो म्हणाला, "आबा आले?"