नेव्हिओच्या पायांनी झिजलेली चकती

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. शर्यतीची, बारीक टायरांची, वाकड्या हँडलची. रंग निळा होता म्हणतात. नेव्हिओ नावाच्या गवंड्यानं मला विकत घेतलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, इल्देनं, आठवडाभर अबोला धरला होता. त्या पैशात कपडे धुण्याचं मशीन यायचं होतं. पण पुढे माझी चेन पुसायला तिचेच फाटके ॲप्रन असत.

आमच्या गावाची एक रीत आहे. जूनमधल्या एका रविवारी सगळे सायकलवाले डोंगरमाथ्यावरच्या छोट्या चर्चपर्यंत चढतात. सगळ्यांत शेवटी पोचेल त्यानं तिथली घंटा वाजवायची. मात्र वाटेत जमिनीला पाय टेकला असेल, तर घंटेला हात लावायचा नाही. घंटा ऐकू आली की खाली घरोघरी बायका पास्ता उकळत्या पाण्यात सोडतात.

नेव्हिओ दमदार गडी. मनात आणलं असतं तर सहज पहिला आला असता. पण तो मुद्दाम मागे राही आणि धापा टाकणाऱ्यांना, "चल रे, आलाच की माथा! आता काय रडतोस?" असं चिडवत वर नेई. त्यामुळे घंटा कायम त्याचीच. त्या संथ चढणीनं माझ्या मागच्या पाच दातेरी चकत्यांपैकी सगळ्यांत मोठी चकती झिजत गेली. मला त्या झिजेचा फार अभिमान होता.

मग नेव्हिओ गेला. मला तळघरात भिंतीला टांगलं. तीन जून आले नि गेले. शेवटी पोचणारा घंटेपाशी नुसता उभा राही. ती नेव्हिओची, म्हणून कोणाचा हात पुढे होईना. इल्दे घड्याळ बघून पास्ता शिजवू लागली.

चौथ्या वर्षी ती मुलीला, मिल्व्हियाला, म्हणाली, "मला ती घंटा एकदा ऐकायचीय गं. डोळे मिटायच्या आत."

मिल्व्हिया मला घेऊन आर्मिदोकडे गेली. हा नेव्हिओचा जुना दोस्त, सायकल दुरुस्तीवाला.

"चेन ताणलीय, ती बदलतो," तो म्हणाला. "पण मागच्या चकत्याही बदलायला हव्यात. दात बघ, पार आकड्यासारखे वाकलेत."

"चकत्यांना हात लावू नका, काका. त्यात बाबांचे पाय आहेत."

"अगं, झिजल्या दातांवर नवी चेन बसत नाही. ऐन चढावर सटकेल."

"सटकू दे."

"बापावर गेलीस. तोही असाच हेकट होता."

त्यानं नुसती चेन बदलली. खरं सांगते, मला आनंदच झाला. मलाही नेव्हिओ सोडवत नव्हता.

त्या जूनमध्ये मिल्व्हिया सगळ्यांच्या मागे राहिली. शेवटच्या वळणावर ती पायडलवर उभी राहिली आणि चेन दातांवरून सटकली. तिनं पुन्हा जोर लावला, पुन्हा सटकली. तोल गेला, पाय जमिनीला टेकला. माथा दीडशे पावलांवर होता. ती मला ढकलत वर गेली. पाय टेकला होता, म्हणून तिनं घंटेला हात लावला नाही. खाली इल्दे खिडकीशी बसून होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मिल्व्हिया आपण होऊन दुकानात आली. "काढा, काका."

निघता निघेना. या चकत्यांचा जुडगा दर पायडलासरशी घट्ट होत जातो. "नेव्हिओनं आवळलाय," आर्मिदो म्हणाला. "चाळीस वर्षं आवळत होता. धर तू पण." दोघांनी दोन्हीकडून चाक धरून जोर लावला, तेव्हा कुठे तो कचकन सुटला. मिल्व्हिया रडू लागली. आर्मिदो पाठ फिरवून आधीच स्वच्छ असलेला पाना पुसत राहिला. मला एकदम हलकं वाटलं, आणि तेच सहन होईना.

इल्देनं ते वर्ष कसंबसं काढलं. पुढच्या जूनमध्ये मिल्व्हिया सगळ्यांच्या मागे राहिली. शेवटच्या वळणावर ती उभी राहिली, मी श्वास रोखला, आणि नव्या दातांनी चेन घट्ट धरली. पाय न टेकवता आम्ही माथ्यावर पोचलो. तिनं दोन्ही हातांनी घंटा वाजवली.

घरी येऊन तिनं मला स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवलं. "ऐकलीस, आई?"

"ऐकली. तुझा बाप इतक्या घाईनं कधी वाजवायचा नाही." इल्देनं डोळे पुसले, पास्ता ढवळला. "पुढच्या वर्षी जरा सावकाश वाजव."

मित्रांनो, त्या वळणावर अजून मला नेव्हिओचं वजन हवंसं वाटतं. नव्या चकत्या ते देऊ शकत नाहीत. तरीही आमच्यावर माया असेल, तर जे झिजलंय ते वेळेवर बदला, तेलपाणी करा आणि आम्हाला रस्त्यावर काढा. भिंतीला टांगून आम्हाला जपू नका. तिथे आम्ही नुसतं आठवत बसतो.