शेठ-मुनिमाची वाटणी

थोरल्याने काकडीची चकती जाळीतून आत सरकवली आणि तसाच पोटावर आडवा होऊन वाट बघत राहिला. आतला गिनीपिग भिंतीकडे तोंड करून बसला होता. भिंत म्हणजे प्लायवूडचा नवा तुकडा, थोरल्यानेच ठोकलेला. त्याआधी तिथे भिंत नव्हतीच. तिथून पेटीचा उरलेला अर्धा भाग सुरू व्हायचा आणि त्यात मुनीम असायचा.

“खा रे, शेठ. कोवळी आहे.”

शेठने वाससुद्धा घेतला नाही. पूर्वी पोटामुळे त्याचे पाय दिसत नसत. आता कातडी अशी ढिली पडली होती, की जणू मोठ्या भावाचा कोट अंगात घालून बसलाय.

थोरल्याची बायको कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली.

“अहो, रंधा टाकून काकडीचं दुकान काढलंत की काय?”

“जेवत नाहीये तो.”

“अर्धाच उरलाय बिचारा. अर्धा कसा जेवेल?” एवढं बोलून ती आत गेली. थोरला उठला आणि अंगावरचा भुसा झटकत राहिला. तो झटकून जाणारा नव्हता, हे त्यालाही माहीत होतं.

त्या दोघा सुतार भावांची वाटणी बघायला गल्ली लोटली होती. कशावरून बिनसलं ते दोघांनाही धड सांगता आलं नसतं. वाटणी मात्र अशी चोख झाली, की बघणाऱ्याने बोटं तोंडात घालावीत. सगळी करवतीने. लांब बाक मधोमध कापला, प्रत्येकाच्या वाट्याला दोन पाय आले, आणि दोन्ही बाक एकाच वेळी तोंडावर आपटले. शिडी उभी चिरली; तेव्हापासून दोघेही शिडीचे मालक आहेत आणि एकालाही माळ्यावर चढता येत नाही. एकाने कापायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं, हा घराण्याचा नियम, त्यामुळे फसवाफसवीला जागाच नव्हती. खालचा मजला थोरल्याला, वरचा धाकट्याला. उरला जिना. त्यावरही थोरल्याने पेन्सिलीची रेघ ओढली होती, पण वाटणीला बसलेले मामा म्हणाले, “काप बाबा, काप. मग धाकट्याने लंगडी घालत वर जायचं का?” म्हणून जिना वाचला.

शेवटी गिनीपिगांची पेटी पुढे आली. एकाच वेताचे दोन नर. लठ्ठ तो शेठ, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी काळी वर्तुळं असलेला तो मुनीम.

“हे दोघं राहू देत तुझ्याकडेच, दादा,” धाकटा तेव्हा म्हणाला होता.

“तुझं दान नकोय मला,” थोरला सगळ्यांदेखत म्हणाला. “उद्या म्हणशील, दादाने जास्त घेतलं.” आणि त्याने पेटीवर रेघ मारली. दोन्ही जीव बादलीत घातले होते, ते आतून एकसारखे किंचाळत होते. करवत चालू झाली तशी पेटी हलायला लागली. तेव्हा धाकटा पुढे झाला आणि त्याने दुसरी बाजू घट्ट धरली. लहानपणापासून तोच धरत आला होता. काप सरळ आला.

तो सरळ काप आता थोरल्याला बघवत नव्हता.

दुपारी त्याने शेठला खोक्यात घातलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी शेठचे दात पाहिले, पोट चाचपलं, वजन केलं.

“दात ठीक आहेत. पण हा असाच उपाशी राहिला तर हातचा जाईल. हे जनावर उपास काढू शकत नाही. एकटाच ठेवलाय का?”

“माझा नाही हो,” थोरला घाईने म्हणाला. “शेजाऱ्याचा आहे.”

“आणि याची जोडी?”

“शेजाऱ्याच्या भावाकडे.” मग एवढ्यावर भागणार नाही असं वाटून त्याने आणखी एक मजला चढवला. “भाऊ परदेशी गेला. बोटीने. जनावर घेऊन.”

डॉक्टरीणबाईंनी शेठच्या तोंडात थोडं औषध सोडलं.

“तुम्ही आपलं सांगून टाका,” थोरला म्हणाला, “असे किती एकत्र ठेवले म्हणजे सुखात राहतात? चार? पाच? शेजारी पेटी हवी तेवढी मोठी करेल. लाकडाला तोटा नाही.”

“एक म्हणजे कमीच. नर असले तर दोन, आणि तेही पटणारे. तिसरा घातलात की मारामाऱ्या. जागा ऐसपैस हवी, लपायला दोन वेगळे कोपरे, पाण्याच्या बाटल्या दोन. म्हणजे रुसायचं झालं तर रुसता येतं, आणि परत यायचं झालं तर लांब जावं लागत नाही.”

“मग नवीनच एक आणला तर?”

“जमला तर जमेल. पण ज्याच्यासाठी हा झुरतोय तो जिवंत आहे ना?” त्या हात धुवायला वळल्या. “गंमत बघा. परवा एक जण चष्मेवाला गिनीपिग घेऊन आले होते. तोही जेवत नाही. त्यांच्याही शेजाऱ्याचा. त्यांच्याही शेजाऱ्याचा भाऊ परदेशी गेलेला, फक्त तो विमानाने. बाहीवर भुसा मात्र तुमच्यासारखाच होता.”

थोरल्याचे कान पेटले. बाई पाठमोऱ्याच राहिल्या, हे त्यांचे उपकार.

“त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगते,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस तोडल्यावर एकदम एकाच्या घरात दुसऱ्याला सोडू नका. घरचा जो असेल तो अंगावर जाईल. दोघांपैकी कुणाचीच नाही अशी जागा बघा. जवळ बसून राहा. दात वाजवतील, फिरतील, फुगतील. वेळ लागतो. घाई करू नका.”

कुणाचीच नाही अशी जागा त्या घरात एकच होती. थोरला जिन्याच्या मधल्या टप्प्यावर जाऊन बसला, खोकं मांडीवर. वरचं दार वाजवायचं म्हणून दोनदा उठला आणि दोनदा बसला. मग त्याने खाकरून पाहिलं. आपलं खाकरणं त्याला एखाद्या भिकाऱ्यासारखं वाटलं.

दार उघडलं. धाकटा मुनिमाची बादली घेऊन दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. त्याची नजर खोक्यावर चिकटवलेल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर गेली. ‘मालक: शेजारी.’

“शेजाऱ्याचा का, दादा?”

“हो,” थोरला पायरीकडे बघत म्हणाला. “तुझा?”

“माझाही शेजाऱ्याचाच.”

धाकट्याने खांद्यावरचा टॉवेल टप्प्यावर अंथरला, मधोमध मूठभर वाळलं गवत ठेवलं. थोरल्याच्या हातून खोक्याचं झाकण निघेना. ज्या हाताने आयुष्यभर करवत चालवली तो हात पुठ्ठ्याच्या झाकणाशी झटत होता.

“त्या दिवशी तू म्हणाला होतास ना,” तो म्हणाला. “की दोघं… म्हणजे मामांसमोर…”

धाकट्याने वाकून झाकण काढून दिलं.

“दोघांनाही वर ने तू,” थोरला एका दमात म्हणाला. “तुझ्याकडे राहू देत.”

“आधी त्यांचं जमू दे.”

शेठ टॉवेलवर आला. मुनीम आला. दोघांनी अंग फुगवलं, दात वाजवले, एकमेकांभोवती असे फिरले की जणू दोन पैलवान आखाड्यात उतरलेत. मुनिमाने नाक पुढे केलं. शेठने ते हुंगलं, आणखी एकदा हुंगलं, आणि त्याच्या कुशीत घुसून असा बसला की कुठे एक संपतो नि कुठे दुसरा सुरू होतो ते कळेना. मग मुनिमाने एक काडी ओढली. दुसऱ्या टोकाने शेठने ओढली. कुरुकुरु आवाज जिन्यात भरून राहिला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला वेळ काही लागलाच नाही. दिवाबत्तीलाही अजून अवकाश होता.

खालून थोरल्याच्या बायकोने हाक मारली, “जमलं का हो त्यांचं?”

थोरल्याने खाणाऱ्या दोघांकडे पाहिलं.

“नाही अजून,” तो ओरडला. “दात वाजवताहेत.”

बोलून गेल्यावर त्याची मान खाली गेली. शेजारी बसलेला धाकटा सगळं बघत होता, आणि थोरला आता तो काय म्हणतो याची वाट बघत होता.

“हो, वहिनी,” धाकटा म्हणाला. “वेळ लागणार. घाई करू नका म्हणाल्यात बाई.”

आणि थोरल्याला पाय पसरता यावेत म्हणून तो भिंतीकडे जरा सरकला.