पकडलेल्या विमानाची वकिली

घरातली सगळ्यात धाकटी म्हणून तिला बारकी म्हणत. संग्रहालयाच्या छायाचित्र विभागातही हेच नाव चिकटलं, कारण तिची नजर तशीच होती. पदार्थविज्ञान शिकून ती इथे आली ती आत्यामुळे. आत्याची सगळी नोकरी याच खोलीत गेली होती: महायुद्धातले जुने फोटो भिंगाखाली धरायचे, त्यातलं विमान ओळखायचं आणि खाली नाव लिहायचं. ती निवृत्त झाल्यावरही तिने लिहिलेल्या नावाला हात लावायची कोणाची छाती होत नसे.

आता प्रदर्शन भरणार होतं आणि आत्याचा सर्वांत गाजलेला फोटो दारातच भिंतभर लागणार होता. गवतावर उभं दोन इंजिनांचं विमान, अंगावर जर्मनांचा काळा क्रॉस, जोडशेपटीपुढे दात काढून हसणारे शिपाई. खाली ओळख, ‘जर्मन लढाऊ विमान, मेसरश्मिट ११०’, आणि आत्याचं नाव. उद्घाटनही आत्याच्याच हस्ते.

बारकीच्या मते ते विमान फ्रेंच होतं. जर्मनांनी पकडलेलं, आणि स्वतःचा क्रॉस रंगवून वापरायला घेतलेलं.

ती बरेच दिवस मूग गिळून बसली. आपलेच दात, आपलेच ओठ. पण खोटं नाव भिंतभर मोठं होणार, हे काही तिच्या घशाखाली उतरेना. शेवटी तिने विभागप्रमुख बाईंना सांगितलं.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “रीत ठाऊक आहे ना? जुन्या नावाला वकील लागतो.”

ती विभागाची जुनी रीत होती. नाव बदलायचं तर एकाने नव्या नावाची बाजू मांडायची आणि दुसऱ्याने जुन्यासाठी जीव तोडून भांडायचं. मनातून पटलं तरी शंका संपेपर्यंत हार मानायची नाही.

“वकील कोण?” बारकीने विचारलं.

“लिहिणारी धडधाकट आहे. दुसरा कशाला शोधू?”

म्हणजे समोर खुद्द आत्याच येणार होती. अडचण अशी होती की फोटोत जे बघायचं तेच झाकलेलं होतं. मेसरश्मिटची इंजिनं लांबट, पुढे निमुळती. फ्रेंचांच्या पोटेझ विमानाची गोल, डब्यासारखी. पण दोन्ही इंजिनांवर आणि नाकावर ताडपत्री टाकलेली, आणि शेपट्यांचा आकार शिपायांनी अडवलेला. म्हणून तिने सुट्टीच्या सकाळी घराच्या गच्चीवर एक पातेलं आडवं ठेवलं, शेजारी बुटांचं खोकं ठेवलं, दोन्हींवर जाड कापड टाकलं आणि फोटोतल्यासारखं ऊन येईपर्यंत वाट पाहिली.

आई कपडे वाळत घालायला वर आली. “एवढी शिकलीस ती पातेल्यांना पांघरूण घालायला?”

“सरक ना आई, तुझी सावली पडतेय.”

वकिलीच्या दिवशी आत्या इस्त्रीची साडी नेसून आली, भाचीकडे न बघता खुर्चीत बसली. “हं. चालू दे.”

बारकीने गच्चीवरचे फोटो मांडले. खोक्यावरच्या कापडाची कडा सरळ होती, पातेल्यावरच्या कापडाची गोल, सावलीही तशीच. जुन्या फोटोत ताडपत्री गोल होती.

“कापड वाऱ्याने फुगतं,” आत्या म्हणाली.

“फुगलं तर एका बाजूला फुगेल. इथे दोन्ही इंजिनांवर सारखं आहे, आणि दोरीने आवळलेलं.”

“बरं. आणि हा क्रॉस काय आकाशातून पडला?”

“क्रॉसच्या भोवती बघ. पुसट गोल कडा आहे. फ्रेंचांचं गोल चिन्ह रंगाने झाकलंय, पण रंगाचा थर तिरप्या उन्हात उठून दिसतो. मालक बदलला की चिन्ह बदलतं आत्या, हाडं बदलत नाहीत.”

बाई गालात हसल्या. आत्या हसली नाही. भिंग घेऊन ती फोटोवर वाकली आणि इतका वेळ वाकून राहिली की बारकीला वाटलं, आता ही उठून निघून जाणार.

“बरं, फ्रेंच आहे असं धरू,” वर न बघताच ती म्हणाली. “पण पोटेझच कशावरून? त्यांच्या ब्रेगे विमानालाही जोडशेपटी होती, गोल इंजिनं होती.”

हा प्रश्न फक्त घरी पुस्तकं उघडून बसलेल्या माणसालाच सुचला असता. म्हणजे आत्याही तयारी करून आली होती.

“ब्रेगेचं नाक आखूड, इंजिनांच्या मागेच संपतं. इथे ताडपत्रीचा उंचवटा इंजिनांच्या बराच पुढे आहे.”

आत्याने भिंग खाली ठेवलं. “लिही मग.”

बारकीने लिहिलं: ‘पकडलेलं फ्रेंच विमान, पोटेझ ६३.११.’

“थांब. हे अकरा कुठून आणलंस?”

“पकडलेल्यांत तेच जास्त सापडतात...”

“जास्त सापडतात म्हणून हे तेच? तो प्रकार कळतो काचेच्या नाकावरून. नाक दिसतंय तुला?”

“नाही.”

“जोडशेपटी आणि क्रॉस दिसला की मेसरश्मिट, हे मी असंच लिहिलं होतं. माझी चूक खोड आणि लगेच स्वतःची कर. घराण्याचं नाव काढशील.”

बारकीचे कान तापले. तिने अकरा खोडून लिहिलं: ‘पोटेझ ६३ मालिकेतलं, नेमका प्रकार सांगता येत नाही.’ रीतीप्रमाणे खाली दोन नावं आली, आधी मांडणारीचं, मग भांडणारीचं. आत्याने आपल्या नावापुढची सही सावकाश, वळणदार केली.

उद्घाटनाला गर्दी झाली. फीत कापून झाल्यावर आत्याचा एक जुना सहकारी भिंतीपुढे थबकला आणि हळहळत म्हणाला, “तुमचं नाव खाली गेलं की हो.”

“मग? माझ्याशी भांडून जिंकेल असं आजवर या खोलीत कोणी होतं का? तुम्ही तरी जिंकलात कधी?” आत्याने मान वळवून भाचीला शोधलं. “बारके, इकडे ये. ते पातेल्याचं यांना नीट समजावून सांग. मी सांगायला लागले की उगीच फुशारते.”

बारकी पुढे आली आणि ताडपत्रीच्या गोल कडेवर बोट ठेवून सांगू लागली. आत्या शेजारी उभी राहून समोरच्याला मध्ये बोलू देत नव्हती.