पत्रूभाऊंच्या आजाराचं नाव

आमच्या डॉक्टर रिना खोब्रागडे ऑपरेशनात हुशार, पण कागदाच्या बाबतीत महाहट्टी. मी जाहिदा. चंद्रपूरच्या दवाखान्यात आजारांना कोड लावून मोफत उपचाराच्या योजनेकडे मंजुरीला पाठवते. त्यामुळे त्यांच्या हट्टाचा पहिला रट्टा मलाच बसतो.

एटापल्लीकडचे पत्रूभाऊ लघवी अडून आले. खालून नळी जाईना, म्हणून पोटातून घातली. साठी उलटलेला पुरुष म्हणजे प्रोस्टेट, असं सगळ्यांनीच धरलं. डॉक्टरबाईंनीही तसंच लिहिलं. मंजुरी आली. पत्रूभाऊ खूश, कारण गावच्या पंडुमची, म्हणजे नवं धान खाण्याआधीच्या सणाची, पूजा त्यांच्या हातची. लघवीची थैली लटकवून देवापुढं बसायची त्यांना लाज वाटत होती.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी लघवीच्या मार्गात औषध सोडून काढलेला एक्स-रे आला. मूत्रमार्गच एका जागी आवळला होता. विचारल्यावर कळलं, तरुणपणी भाऊ झाडावरून घसरून फांदीवर आपटले होते; तीच जुनी जखम.

"माझंच चुकलं," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "जाहिदा, कोड बदल. नवी मंजुरी माग."

मी भडकले. "मॅडम, हातात आलेली मंजुरी काऊन घालवता? नवीला कित्येक दिवस लागतात. ऑपरेशन बरोबर करा, कागदावर प्रोस्टेट राहू द्या ना!"

"अन् उद्या लघवी पुन्हा अडली तर? कागदावर प्रोस्टेट पाहून कोणी नळी रेटली, तर मार्ग फाटन त्याचा."

भाऊंची बायको बुधरीबाई गाठोडंच बांधू लागली. "पंडुम आला. आमी जातो." पोटातल्या नळीसकट! बाईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी शब्द फिरवला नाही.

तेव्हा पत्रूभाऊ बोलले. "थांब वो. पूजेत देवाचं नाव चुकलं तर मी काय करतो? पयल्यापासून धरतो. बाई तेच करून राह्यली."

मी कोड बदलला, एक्स-रे जोडला. बाई स्वतः योजनेच्या लोकांशी फोनवर भांडल्या. तरी मंजुरी येईस्तोवर पंडुमचा दिवस निघून गेला. त्या दिवशी भाऊ भिंतीकडं तोंड करून पडून होते, आणि बाई त्यांच्या खाटेजवळून जायचं टाळत होत्या.

ऑपरेशन झालं, पुढं नळ्या निघाल्या. भाऊ संडासात गेले, धार वाजली आणि अख्खा वॉर्ड हसला.

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी गावाहून पुतण्या न्यायला आला. भाऊंनी दबकत विचारलं, "पूजा कोणं केली?"

"कोण करन? तुमची वाट पाहून राह्यलो. गावात नवं धान अजून कोणीच तोंडात नाई घातलं."