सहाचे अवयव

मनुबाईनं पाटीवरचं गणित ओल्या फडक्यानं पार पुसून टाकलं.

"ह्ये गणितच चुकीचं हाय, गुरुजी."

"पुस्तकातलं गणित चुकतंय व्हय गं?" लालासाहेब गुरुजी हसले. क्ष वर्ग वजा सात क्ष अधिक सहा. त्याचा आलेख क्ष-अक्षाला कुठं कुठं छेदतो, ते काढायचं होतं. "गुणाकार सहा आणि बेरीज सात येईल अशा दोन संख्या हुडक. मग कंस आपोआप पडतात."

"हुडकून दमले की. सहा म्हंजे दोन आन् तीन. बेरीज पाच येती. सात आणू कुठनं?"

पंधरा दिवस इथंच घोडं पेंड खात होतं. बाकी बाई हुशार. बाराचे तीन-चार, दहाचे दोन-पाच ती झटक्यात पाडायची आणि आलेखावर नेमक्या जागी टिंबं द्यायची. एकाहत्तरच्या लढाईत नवरा गेला, तेव्हापासून ती माधवनगरला भावाकडं राहत होती. यंदा बाहेरून मॅट्रिक झाली, तर सांगलीत बालवाडीवर जागा मिळणार होती. नाहीतर जन्मभर भावजयीची चूल होतीच. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

तिचं कुठं अडतंय, ते गुरुजींना पहिल्याच दिवशी कळलं होतं. संख्या हुडकताना ती तोंडातल्या तोंडात मोजायची, "लाभ, दोन, तीन..." सासरच्या खळ्यावर तिनं दहा वर्षं जोंधळा मापला होता. मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माप तेच, पण 'एक' हा शब्दच तोंडात येत नाही. जिभेला वळण पडलं ते पडलं. सहाचे अवयव पाडतानाही तिची सुरुवात दोनापासून व्हायची.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण गुरुजींनी ते गिळलं. तिचं तिलाच सापडू दे, म्हणजे पक्कं होईल, असं स्वतःच्या मनाला बजावलं. कसलं पक्कं अन् काय! बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. अख्ख्या दिवसात फाटक वाजायचं ते मनुबाईमुळंच, दुपारी तीनला ती आली की आणि पाचला गेली की. गुरुजी अडीचपासूनच धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसायचे. एवढं गणित सुटलं की ती कशाला येईल, याची त्यांना भीती वाटत होती. माणूस एकटा पडला की असा लबाड होतो.

मनुबाईनं पाटी बाजूला सारली.

"मी पेपरालाच बसत न्हाई. आजच दादाला सांगून टाकते. उगं नापास हून घरात बोलणी कोन खाईल?"

तिचे डोळे भरून आले होते.

"मनू, एक का सोडतेस?" गुरुजी घाईघाईनं म्हणाले. "सहा एके सहा. एक आणि सहा."

ती बघतच राहिली. मग पाटी ओढून तिनं दोन कंस मांडले, क्ष वजा एक, क्ष वजा सहा. आलेखाच्या कागदावर एकपाशी एक टिंब, सहापाशी दुसरं. "आगं बया! लाभाला मोजलंच न्हाई की मी!" ती खळखळून हसली. मग कुणी न सांगता तशीच आणखी चार गणितं सोडवली. चारही बरोबर.

पाचव्याला पेन्सिल थांबली.

"गुरुजी, तुमास्नी ह्ये कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. गुरुजी जमिनीकडं बघत म्हणाले, "पहिल्याच दिवशी."

मनुबाईनं पाटी, कागद, पुस्तक सगळं पिशवीत भरलं. उंबऱ्याशी जाऊन चपला घातल्या आणि पाठमोरीच थांबली.

"पंधरा दिस मी सोताला ढ म्हनत हुते, गुरुजी."

"चुकलं माझं."

"नुसतं ये म्हनला असता, तरी आले असते की मी. त्या घरात माज्याशी तरी कोन बोलतंय?"

मागोमाग फाटक वाजलं. तेव्हा साडेतीनसुद्धा झाले नव्हते.