पानाताईची डांगरी

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम बघणाऱ्या बाईला सगळे पानाताई म्हणत. हातात कायम पाना, आणि शब्दही तसाच, एकदा आवळला की ढिला पडायचा नाही. गाडी तपासणीच्या खड्ड्यावर उभी राहिली की ती पायऱ्या उतरून गाडीच्या पोटाखाली जायची आणि तिथूनच वरच्या माणसांना हुकूम सोडायची. सुरुवातीला लोकांना ते जड गेलं, मग सवय झाली. तिनं ‘ठीक आहे’ म्हटल्याशिवाय गाडी बाहेर काढायची छाती कुणा ड्रायव्हरची नव्हती.

नवरा शिंपी. डेपोतून मिळालेली कामाची अंगभर डांगरी पुरुषाच्या मापाची होती, खांद्यात ढगळ आणि कमरेत गोळा. वाकलं की बाह्या ग्रीसमध्ये लोळायच्या. त्यानं ती सगळी उसवली आणि बायकोच्या मापानं परत शिवली. गुडघ्यांवर दुहेरी कापड, छातीवर चष्म्यासाठी अरुंद खिसा. पानाताई म्हणायची, “लग्नात मिळाला नाही असा कपडा.”

एका सकाळी जाहिरात विभागाचे साहेब फोटोग्राफरला घेऊन आले. ऑफिसच्या भिंतीवर लावायला कामगारांचे फोटो हवेत, असं त्यांनी सांगितलं. पानाताई खड्ड्यातून वर आली, बाहीनं तोंड पुसलं (त्यानं ते आणखीच काळं झालं) आणि बाह्या कोपरावर सारून चाकाला टेकून उभी राहिली. फोटो निघाला, ती परत खाली उतरली आणि विसरूनही गेली.

मग एक दिवस तीच स्वतः डेपोच्या फाटकातून आत आली. म्हणजे बस आली, आणि बसच्या अख्ख्या अंगावर ती होती. चेहरा तिचाच, पण धुऊनपुसून गोरा केलेला. डांगरी गायब. तिच्या जागी बिनबाह्यांचा, अंगाला चिकटलेला, खोल गळ्याचा पांढरा कपडा. कंबर निम्मी झालेली. सायलेन्सरनं भाजून कोपरापाशी उमटलेला जुना डाग कुठेच नाही, कारण तो हातच तिचा नव्हता. बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आमच्या हाती निर्धास्त राहा.’

“पानाताई, ब्रेक बघता बघता आमचेच ब्रेक फेल कराल!” कुणीतरी मागून ओरडलं आणि वर्कशॉप हसलं. ती हसली नाही. गाडीला एक फेरी मारून तिनं दुसरी बाजू पाहिली. तिथेही तीच होती.

घरी बातमी तिच्याआधी पोचली होती. सासूबाई चौकातून भाजी घेऊन येताना तीच बस त्यांना आडवी गेली होती.

“सूनबाई, असले कपडे घालून फोटो काढलास? निदान घरात सांगायचं तरी!”

“आई, मी घातलेच नाहीत ते.”

“मग फोटोत आले कुठून?”

“कॉम्प्युटरनं चढवलेत. आजकाल एआयला सांगितलं की तो कुणालाही काहीही घालतो.”

सासूबाईंना ते पटलं नाही. पिशवी ओट्यावर आपटून त्या आत गेल्या. नवऱ्यानं मात्र तिनं मोबाईलवर आणलेला फोटो मोठा करून बराच वेळ न्याहाळला. “अगं, याला शिवणच नाही,” तो म्हणाला. “बटण आहे, काज नाही. हा कपडा जगात कुणी शिवूच शकत नाही.” मग फोन खाली ठेवून हळूच म्हणाला, “आणि मी शिवलेली काय वाईट होती?”

हे मात्र तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांना वाटलं, आभार मानायला आली.

“किती छान दिसताय! लोक विचारतात, मॉडेल कोण?”

“माझी डांगरी कुठे गेली?”

“अहो, ग्रीसनं माखलेली होती ती. जाहिरातीत बरं दिसत नाही. फक्त कपडे बदललेत आम्ही, चेहरा तुमचाच ठेवलाय.”

“मोठीच मेहेरबानी. ते चित्र उतरवा.”

“आता गाड्या रस्त्यावर गेल्या. पुढच्या वेळी बघू.” साहेबांनी फोन उचलला. बोलणं संपलं होतं.

त्यानंतर वर्कशॉपची हवाच बदलली. ती आली की बोलणं तुटायचं. फोन खिशात जायचे. आधी उघड थट्टा होती ती परवडली, ही शांतता तिला कळेना. शेवटी गाड्या धुणाऱ्या मावशीनं तिला नळापाशी बोलावलं. “तुला दाखवू नये वाटत होतं, पण तुला माहीत नसणं त्याहून वाईट,” म्हणत तिनं फोन पुढे केला.

बसवरचाच फोटो होता. तोच चेहरा, तेच हसू. अंगावर आता काहीच नव्हतं.

पानाताई नळाच्या कट्ट्यावर बसली. ते शरीर आपलं नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं, तरी दोन्ही हात आपोआप छातीशी गेले होते. डांगरीच्या जाड कापडावर ते कितीतरी वेळ तसेच राहिले.

फोटो बनवणारा कोण, ते मावशीला माहीत होतं. ‘हिरो’ म्हणून मिरवणारा एक ड्रायव्हर. ड्रायव्हरांच्या ग्रुपवर त्यानंच टाकला होता.

संध्याकाळी तिनं घरी सगळं सांगितलं. नवरा उठून चपला घालू लागला. कुठे निघालास विचारलं तर त्यालाच माहीत नव्हतं. सासूबाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. “थोडे दिवस घरीच राहा. लोक विसरतील.”

“मी का घरी राहू, आई? तोंड लपवायचं ते त्यानं लपवावं.”

सकाळी सगळी पाळी हजेरीला जमली असताना ती पुढे गेली. आवाज चढवला नाही. तिथे पत्र्याचं छप्पर होतं, हळू बोललेलंही घुमायचं.

“ग्रुपवरचा फोटो मी पाहिला. ते अंग माझं नाही. पण तो बनवणारा तुमच्यातला आहे, आणि बघून गप्प बसणारेही तुमच्यातलेच. मी आता इथून पोलिसांकडे जाणार आहे. ज्यांनी पुढे पाठवला त्यांची नावंही देणार आहे.”

हिरो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “गंमत केली हो, ताई. अर्धे कपडे ऑफिसनंच उतरवले होते. मी काय, उरलेले!”

त्याच्या तोंडून निघून गेलं, पण पानाताईनं ते वाक्य सोबत नेलं. पोलिसांकडे तक्रार नोंदवून ती थेट साहेबांच्या खोलीत गेली, न बसता बोलली.

“तो म्हणतो, सुरुवात ऑफिसनं केली. खोटं बोलतोय का तो?”

साहेब लालेलाल झाले. “त्या घाणेरड्या चित्राशी आमच्या जाहिरातीची तुलना करता? आमचं चित्र सभ्य आहे!”

“त्यानं मला विचारलं नाही. तुम्ही विचारलंत?”

“अहो, पण हेतू…”

“विचारलंत का?”

साहेब टेबलावरचे कागद नीट करू लागले. ते आधीच नीट होते.

त्या दुपारपासून पानाताईनं एक काम वाढवून घेतलं. ब्रेक तपासायला डेपोतली प्रत्येक बस कधी ना कधी तिच्याच खड्ड्यावर येणार होती. जी येईल तिचे ब्रेक बघून झाले की ती कढत पाण्याची बादली आणि खरवडायची पत्री घ्यायची आणि बसच्या अंगावरून स्वतःला सोलून काढायची. आधी तो पांढरा कपडा, मग परका हात, शेवटी चेहरा. चिकट कागदाच्या लांब पट्ट्या निघायच्या, त्या ती गुंडाळून भंगारात टाकायची. दुसऱ्या बसला मावशी आपणहून पाणी घेऊन आली. नंतर धुलाईच्या साऱ्या बायका आल्या. फोरमन सगळ्यांत जुना माणूस, नियमाचा पक्का. तो येऊन उभा राहिला तेव्हा बायकांचे हात थांबले. त्यानं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, “वर हात पुरत नाही तुमचा. शिडी घ्या की.”

साहेब धावत आले. “ही डेपोची मालमत्ता आहे! कारवाई होईल!”

“पत्रा डेपोचा आहे,” शिडीवरून पानाताई म्हणाली. “त्याला ओरखडा उठला असेल तर दाखवा, पगारातून कापा. चेहरा माझा आहे.”

साहेबांनी खरंच चष्मा लावून पत्रा पाहिला. ओरखडा नव्हता.

कारवाई झाली नाही. पोलिसांनी हिरोचा फोन जप्त केल्यावर डेपोच्या बड्या मंडळींना अचानक घाई सुटली. हिरो निलंबित झाला, ग्रुप बंद झाला. पण सगळंच काही सुरळीत झालं असं नाही. काही ड्रायव्हरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एकजण तोंडावर म्हणाला, एका चित्रापायी माणसाची रोजीरोटी घालवलीत. “चित्र त्यानं काढलं, मी नाही,” असं सांगून तिनं त्याच्या गाडीचे ब्रेक नेहमीसारखेच काळजीनं बसवले. काही फोटो कुणाकुणाच्या फोनमध्ये अजून असणार, हेही तिला माहीत होतं. बाजारात कुणी जरा रोखून बघितलं की ती उलट रोखून बघायची, समोरचा नजर वळवेपर्यंत.

सगळ्या बस कोऱ्या झाल्यावर साहेब पुन्हा वर्कशॉपमध्ये आले. या वेळी एकटेच. खड्ड्याच्या काठाशी त्यांनी नवं पोस्टर उलगडलं. त्यावर ती होती, त्या सकाळच्या मूळ फोटोतली. काळं तोंड, भाजल्याचा डाग, गुडघ्यांवर दुहेरी कापड आणि अरुंद खिशातून डोकावणारा चष्मा. एक धागाही बदललेला नव्हता.

“आता तर खरं आहे ना?” साहेब म्हणाले. “उद्यापासून लावतो.”

पानाताईनं हात पुसले. चित्र चांगलं होतं. नवऱ्याला दाखवलं असतं तर तो दिवसभर शीळ घालत बसला असता.

“विचारताय की सांगताय?”

साहेबांनी पोस्टर खाली घेतलं. “विचारतो. लावू का?”

“नाही.”

“अहो, पण यात काहीच बदललेलं नाही!”

“दिसतंय मला. चांगलंय. हे मी घरी नेते. पण बसवर नको.”

“का पण?”

“मला नकोय म्हणून.”

साहेब चुळबुळले. आणखी कारण मिळेल म्हणून वाट बघत राहिले. ते मिळालं नाही. त्यांनी पोस्टरची गुंडाळी केली आणि तिच्या हातात दिली. “मग बसवर कुणाचा लावू?”

“विचारून बघा एकेकाला,” ती म्हणाली. “हो म्हणणारं कुणीतरी मिळेल.”

एवढ्यात मागून एक बस रिव्हर्स घेत खड्ड्यावर येऊ लागली. पानाताईनं गुंडाळी कपाटावर ठेवली, “जरा डावीकडे घे, डावीकडे!” असं ओरडत हात हलवला आणि पायऱ्या उतरू लागली.